कोरहाचे बंड : एका अध्यायात दोन बंडे आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धर्मसत्तेला आव्हान देणाऱ्यांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मनापासून वाचला. विषय निवडल्याबद्दल लेखकाचे अभिनंदन. मात्र त्यातील कोरहाविषयीचे दोन परिच्छेद वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. लेखात तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत: इस्राएल लोकांना मिसराच्या (इजिप्तच्या) गुलामीतून बाहेर काढणाऱ्या मोशेविरुद्ध कोरहाने बंड केले, त्यासाठी धरणीने त्याला पोटात घेतले, आणि त्याचा निर्वंश झाला. पहिली गोष्ट अर्धी खरी, दुसरी वादाची आणि तिसरी साफ चूक आहे. तिन्ही गोष्टी मूळ ग्रंथावरूनच तपासता येतात, त्यासाठी हिब्रू यायला हवे असेही नाही. घरातले मराठी बायबल पुरे.

बायबलातल्या 'गणना' या पुस्तकाचा सोळावा अध्याय उघडावा. आधी एक व्यवहारातली अडचण सांगतो, कारण इथेच बरेच वाचक चकतात. मराठी बायबलात या अध्यायात ५० वचने आहेत. हिब्रू ग्रंथात तो ३५व्या वचनालाच संपतो, आणि आपले ३६वे वचन तिथे सतराव्या अध्यायाचे पहिले असते. त्यामुळे ज्यू भाष्यकारांचा संदर्भ घेऊन मराठी पुस्तक उघडले की भलतेच वचन हाती लागते. या पत्रातले सगळे आकडे मराठी बायबलाप्रमाणे आहेत.

आता दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. जिथे २५० माणसे, धूप, धुपाटणी, याजकपद आणि लेवी (देवसेवेसाठी नेमलेला वंश) यांचा विषय आहे तिथे लाल खूण करा. जिथे दाथान आणि अबीराम, त्यांचे तंबू, त्यांची बायकापोरे आणि मिसर देशाची आठवण आहे तिथे निळी. १२ ते १५ ही वचने निळी होतात. ५ ते ११ लाल. १६ ते २२ पुन्हा लाल. २५ आणि २६ निळी. २८ ते ३४ जवळजवळ सगळी निळी, आणि ३५वे एकदम लाल. खुणा करून झाल्यावर नुसते निळे सलग वाचून पाहा, मग नुसते लाल. दोन्ही कथा आपापल्या पायांवर उभ्या राहतात. तक्रार वेगळी, जागा वेगळी, शिक्षाही वेगळी.

लाल कथेतली तक्रार लेवी वंशातली, घरातली आहे. कोरह हा इसहाराचा मुलगा, इसहार कहाथाचा, कहाथ लेवीचा. कहाथाला चार मुलगे होते: अम्राम, इसहार, हेब्रोन आणि उज्जीएल. मोशे आणि त्याचा भाऊ, महायाजक अहरोन, हे अम्रामाचे, म्हणजे कोरह त्यांचा सख्खा चुलतभाऊ. आपल्या भाषेत याला भाऊबंदकी हा नेमका शब्द आहे. जुन्या ज्यू भाष्यकारांनी तर हिशेबच मांडला आहे. थोरल्या भावाच्या दोन मुलांनी नेतृत्व आणि महायाजकपद घेतले, ते ठीक. पुढचा मान दुसऱ्या भावाच्या मुलाचा, म्हणजे कोरहाचा. पण कहाथी घराण्याचा प्रमुख नेमला गेला तो सर्वांत धाकट्या उज्जीएलाचा मुलगा, अलीसाफान. ती नेमणूक याच पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात नोंदलेली आहे. ती कोरहाला लागली असेल, हा भाष्यकारांचा तर्क. ग्रंथ तसे म्हणत नाही, पण तर्क बिनबुडाचा नाही.

कहाथ्यांचे कामही नीट समजून घ्यायला हवे. निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा फिरता तंबू, हलवायची वेळ आली की लेव्यांच्या तीन घराण्यांत कामाची वाटणी होई. सरदारांनी ६ गाड्या आणि १२ बैल दिले होते. त्यांपैकी गेर्षोन घराण्याला २ गाड्या आणि ४ बैल मिळाले, मरारी घराण्याला ४ गाड्या आणि ८ बैल. कहाथ्यांना एकही गाडी नाही. कोश, मेज, दीपवृक्ष आणि वेद्या त्यांनी खांद्यावरून वाहायच्या. तेही याजकांनी सगळे झाकून, गुंडाळून दिल्यावर. हात लावला तर मरण, झाकताना क्षणभर पाहिले तरी मरण, असा चौथ्या अध्यायाचा नियम आहे. सर्वांत पवित्र वस्तूंचे ओझे ज्यांच्या खांद्यावर, त्यांनाच त्या वस्तू पाहायची बंदी. कोरहाच्या तक्रारीचे मूळ शोधायचे तर मी इथे शोधेन. त्याला लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याची रोजची नोकरी काय होती ते कोणी सांगत नाही.

त्याचे वाक्य तिसऱ्या वचनात आहे. सगळी मंडळी पवित्र आहे, त्यातला एकेक जण पवित्र आहे, परमेश्वर त्यांच्यामध्ये आहे, मग तुम्हीच स्वतःला मंडळीहून उंच का करता? हे वाक्य खोटे म्हणून बाजूला सारता येत नाही. सीनाय पर्वतापाशी हेच तर सांगितले गेले होते: तुम्ही मला याजकांचे राज्य, पवित्र राष्ट्र व्हाल. शिवाय कोरहाच्या अध्यायाआधी अवघी काही वचने, पंधराव्या अध्यायाच्या शेवटी, वस्त्राच्या टोकांना गोंडे लावण्याची आज्ञा आहे आणि तिथे शब्द आहेत 'तुम्ही आपल्या देवासाठी पवित्र व्हावे'. फरक क्रियापदात आहे. तिथे 'व्हावे' आहे, कोरहाच्या तोंडी 'आहे'. जे करायचे ते झालेच आहे असे तो धरून चालतो. माझ्या मते त्याच्या युक्तिवादातली खरी फट हीच. आणि दुसरी फट मोशे दहाव्या वचनात बोट ठेवून दाखवतो: तुम्ही याजकपदही मागता काय? सगळे सारखे म्हणायचे आणि मागायचे मात्र पद, हे दोन्ही एकदम चालत नाही.

निळ्या कथेत यातले काहीच नाही. दाथान आणि अबीराम हे रऊबेन वंशाचे. रऊबेन याकोबाचा थोरला मुलगा, पण थोरलेपणाचा मान त्याच्या हातून गेला. या दोघांना धूप, वेदी किंवा याजकपद नको आहे. त्यांचा राग सरळ मोशेच्या कारभारावर आहे. दुधामधाच्या देशातून तू आम्हाला रानात मरायला आणलेस, असे ते म्हणतात. नीट वाचा, दुधामधाचा देश हे शब्द ते मिसरासाठी वापरतात, जिथे ते गुलाम होते. शेते दिली नाहीस, द्राक्षमळे दिले नाहीस, आणि वर आमच्यावर सत्ता गाजवतोस. दोनच अध्याय आधी, देश पाहायला पाठवलेल्या हेरांच्या प्रकरणानंतर, ही सगळी पिढी रानातच मरेल असा निर्णय झालेला आहे. त्या पार्श्वभूमीवर ही तक्रार ऐकली तर तिच्यातली कळ समजते. मोशेने बोलावणे पाठवले तेव्हा त्यांचे उत्तर दोनदा येते, 'आम्ही वर येणार नाही'. वर न येणारी माणसे शेवटी जिवंत खाली, अधोलोकात जातात. ही शब्दांची गाठ मुद्दाम मारलेली आहे.

या दोघांच्या उत्तराने संतापून मोशे परमेश्वराला म्हणतो की मी यांचे एक गाढवही घेतलेले नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोन कथा जागेवरूनही वेगळ्या काढता येतात, आणि हा पुरावा मला सर्वांत पक्का वाटतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायात छावणीची रचना दिली आहे. निवासमंडपाच्या अंगणाचे दार पूर्वेला. अंगण १०० हात लांब, ५० हात रुंद, म्हणजे साधारण ४५ मीटर बाय साडेबावीस मीटर. पूर्वेला मोशे आणि अहरोन यांचे तंबू. दक्षिणेला मंडपालगत कहाथी, आणि त्यांच्या पलीकडे, बाहेरच्या रांगेत, रऊबेन. म्हणजे कोरह आणि रऊबेनी एकमेकांचे शेजारी होते. दुष्टाचे वाईट होते आणि त्याच्या शेजाऱ्याचेही, असे राशी या भाष्यकाराने याच मांडणीवरून म्हटले आहे. परमेश्वर कोणाला निवडतो ते ठरावे म्हणून मोशेने बंडखोरांना धुपाटणी घेऊन यायला सांगितले होते. आता तो कसोटीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. २५० माणसे धुपाटणी घेऊन पूर्वेच्या दाराशी उभी आहेत. दाथान आणि अबीराम दक्षिणेला आपल्या तंबूंच्या दारात, बायकामुलांसह. पंचविसाव्या वचनात मोशे उठून त्यांच्याकडे चालत जातो. आग एकीकडे, २५० जणांवर पडते; जमीन दुसरीकडे, दाथान-अबीरामांखाली दुभंगते. मग कोरह त्या क्षणी होता कुठे? १९व्या वचनात तो दाराशी मंडळी जमवताना दिसतो. २४ आणि २७मध्ये त्याच्या 'निवासा'चा उल्लेख दाथान-अबीरामाबरोबर येतो. ३२मध्ये 'कोरहाची सगळी माणसे' गिळली जातात, पण कोरहाचे स्वतःचे नाव त्या यादीत नाही. २४ आणि २७मध्ये हिब्रूत जो शब्द आहे, 'मिश्कान', तो एकवचनी रूपात एरवी देवाच्या निवासमंडपासाठी येतो. तिघा माणसांचा मिळून एक मिश्कान ही विचित्र रचना आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात २४व्या वचनात दाथान आणि अबीराम ही नावेच नाहीत. दोन कथा शिवताना टाके पडले ते इथे.

म्हणून 'धरणीने कोरहाला गिळले' हे विधान वादाचे आहे असे मी म्हटले. ते अगदी निराधार नाही. सव्विसाव्या अध्यायात जमीन त्यांना 'कोरहासह' गिळते असे वाचता येते. पण शोमरोनी (समॅरिटन) परंपरेच्या तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, त्याच वचनात कोरह २५० माणसांबरोबर आगीत जातो. तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या संग्रहातल्या रब्बींनाही (धर्मगुरूंनाही) हा पेच दिसला होता: कोरह जळालाही नाही आणि गिळलाही गेला नाही असे एक मत तिथे आहे, आणि दोन्ही झाले असे दुसरे. उलट 'अनुवाद' पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मोशे ही घटना आठवतो तेव्हा नावे फक्त दाथान आणि अबीराम. १०६व्या स्तोत्रातही जमीन उघडते ती दाथान-अबीरामांवर. टोळीत आग पेटल्याचा उल्लेख आहे, पण कोरहाचे नाव तिथे नाही. कोरह एवढा मोठा खलनायक असता तर दोन ठिकाणी त्याचे नाव गळले नसते.

चौथे नाव ओन याचे. पेलेथाचा मुलगा, रऊबेनी. पहिल्या वचनात येतो आणि पुन्हा कधीच दिसत नाही. तालमूदात त्याचे श्रेय त्याच्या बायकोला दिले आहे. तिने त्याला समजावले की मोशे मोठा ठरला तरी तू चेलाच आणि कोरह मोठा ठरला तरी तू चेलाच, मग तुझा फायदा काय? मग त्याला दारू पाजून झोपवले आणि स्वतः केस मोकळे सोडून तंबूच्या दारात बसली. बोलवायला आलेली माणसे संकोचाने परत फिरली. ही नंतरची भर आहे, ग्रंथात नाही, हे लिहिताना सांगायला हवे. कोरहाच्या श्रीमंतीचेही तसेच. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या वाहायला ३०० पांढरी खेचरे लागत, हे तालमूदाचे. कुराणात तो कारून म्हणून येतो, तिथेही किल्ल्यांचे ओझे बलदंड माणसांना पेलत नाही. उर्दूतला 'कारून का खजाना' तो हाच. आपल्या लेखात कोरहाला 'इस्राएलातील सर्वांत धनाढ्य' म्हटले आहे. गणनेच्या सोळाव्या अध्यायात त्याच्या संपत्तीविषयी अशी एक ओळ नाही.

आता धुपाटण्यांकडे येतो, कारण या कथेतली सर्वांत बोलकी वस्तू तीच, आणि लेखात तिला एक शब्दही मिळालेला नाही. हिब्रूत तिला 'मख्ता' म्हणतात. आपल्या देवघरातले छोटे धुपाटणे मनात आणू नका. ती निखारे उचलून न्यायची दांड्याची पसरट पळी होती. वेदीची राख आणि निखारे काढायला जी पितळी भांडी सांगितली आहेत, त्यांत ती आहे. कृती अशी: वेदीवरचे निखारे पळीत घ्यायचे, त्यावर धूप टाकायचा, धूर परमेश्वरासमोर न्यायचा. धूप कुठलाही चालत नसे. बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात चार सुगंधी द्रव्ये समभाग घेऊन, मीठ घालून, बारीक कुटायची कृती दिली आहे, आणि तो घरगुती वापरासाठी कोणी केला तर त्याला समाजातून तोडायचे. अग्नीही कुठलाही चालत नसे. अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, याच प्रकारच्या पळ्यांत परका अग्नी घेऊन गेले आणि तिथेच जळाले. ते याजक होते, नेमलेले होते. त्यामुळे मोशेने 'उद्या सकाळी धुपाटणी घेऊन या' म्हटले तेव्हा २५० जणांपैकी प्रत्येकाला ठाऊक होते की हातात काय धरतो आहोत. रात्रभराचा वेळही होता. तरी ते आले. त्यांना भोळे किंवा फसवले गेलेले म्हणता येत नाही. आपल्या म्हणण्यावर जीव लावायला ते तयार होते, एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

ते जळाल्यावर काय झाले ते ३६ ते ४० या वचनांत आहे. धुपाटणी पवित्र झाली आहेत, ती उचला, निखारे दूर पसरून द्या, आणि पळ्या ठोकून त्यांचे पत्रे करून वेदीला मढवा. हे काम अहरोनाला नाही, त्याच्या मुलाला, एलाजाराला सांगितले. महायाजकाने प्रेताजवळ जायचे नाही असा 'लेवीय' या पुस्तकात नियम आहे, आणि त्या पळ्या जळालेल्या माणसांमधून उचलायच्या होत्या. वेदी ५ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच. एक हात सुमारे ४५ सेंटिमीटर धरला तर बाजू सव्वादोन मीटर, उंची एक मीटर पस्तीस. चारही अंगे मिळून १२ चौरस मीटरच्या थोडे वर. २५० पळ्यांनी ती मढवायची तर एका पळीच्या वाट्याला साधारण २२ सेंटिमीटर बाय २२ सेंटिमीटरचा पत्रा येतो. दांडीसह ठोकलेल्या एका पळीतून एवढा पत्रा सहज निघावा. हिशेब जुळतो. अडचण वेगळीच आहे: निर्गमाप्रमाणे वेदी आधीच पितळेने मढवलेली होती. मग हा दुसरा थर. जुन्या ग्रीक भाषांतरात तर निर्गमातच लिहिले आहे की बसालेल या कारागिराने वेदी बंडखोरांच्या धुपाटण्यांपासून केली, जेव्हा बंड अजून व्हायचे होते. भाषांतरकारांना दोन थरांचा प्रश्न पडला होता, त्यांनी काळाचा घोळ पत्करून तो सोडवला.

कारण म्हणून ग्रंथ 'आठवण राहावी' एवढे देतो: अहरोनाच्या वंशाबाहेरच्या कोणी धूप जाळायला पुढे येऊ नये. पण ती आठवण ठेवली कुठे, तर वेदीवर. पळ्या फेकल्या नाहीत, पुरल्या नाहीत, वितळवून आकार पुसला नाही. यानंतर जो कोणी यज्ञ घेऊन येईल त्याला आधी त्या २५० माणसांचे पितळ दिसेल. बंडखोरांची खूण सर्वांत पवित्र जागी जडवून ठेवणारी धर्मसत्ता मला तरी दुसरी माहीत नाही.

लोकांनीही हे प्रकरण मुकाट्याने गिळले नाही. दुसऱ्याच दिवशी सगळी मंडळी मोशे-अहरोनावर उलटली: तुम्ही परमेश्वराची माणसे मारलीत. मग मरी आली, १४,७०० लोक गेले. ती थांबवली ती अहरोनाने, धुपाटणे घेऊन धावत जाऊन, मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्या मध्ये उभे राहून. आदल्या दिवशी ज्या वस्तूने माणसे मेली तीच आज माणसे वाचवते. पुढच्या अध्यायातली बारा काठ्यांची आणि अहरोनाच्या काठीला बदाम लागल्याची गोष्ट ठाऊक असते, ही मात्र राहून जाते.

आणि आता निर्वंशाचे. गणना, अध्याय २६, वचन ११: कोरहाचे मुलगे मात्र मेले नाहीत. एवढेच छोटे वचन. कारण दिलेले नाही. पण पुढचा सगळा ग्रंथ त्याची साक्ष देतो. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात कोरही घराणे मंदिराचे द्वारपाल आहे. स्तोत्रसंहितेत ४२, ४४ ते ४९, ८४, ८५, ८७ आणि ८८ अशा ११ स्तोत्रांच्या मथळ्यात 'कोरहाचे मुलगे' आहेत. ८४व्या स्तोत्रात तेच म्हणतात की दुष्टांच्या तंबूंत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या उंबऱ्याशी उभे राहणे मला बरे. गणनेच्या सोळाव्या अध्यायात मोशे लोकांना ओरडून सांगतो ते 'या दुष्ट माणसांच्या तंबूंपासून दूर व्हा'. ४९व्या स्तोत्रात 'देव माझा जीव अधोलोकाच्या हातून सोडवील' अशी ओळ आहे. कोणाच्या घराण्याने ती गावी याचा विचार करा. नेगेवमधील अराद येथे १९६०च्या दशकात झालेल्या उत्खननात शाईने नावे लिहिलेले एक भांडे सापडले, त्यावरही 'कोरहाचे मुलगे' ही अक्षरे आहेत.

शमुवेल संदेष्टासुद्धा इतिहासातील वंशावळीप्रमाणे कोरहाच्याच कुळातला. जगभरच्या सभास्थानांत, कोकणातल्या आणि मुंबई-पुण्याच्या बेने इस्राएलांच्या सभास्थानांतही, वर्षातून एकदा, साधारण जून-जुलैत, शब्बाथाला कोरहाचा पाठ वाचतात. त्याला जोडून जे वाचन येते ते शमुवेलाचे निरोपाचे भाषण. त्यात तो लोकांना विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले? मोशेचे वाक्य कोरहाच्या वंशजाच्या तोंडी. हा पाठ ज्यांनी जोडला त्यांना कोरहाचा निर्वंश अभिप्रेत नव्हता, हे उघड आहे.

हे सगळे मी का ताणून लिहितो आहे? कारण दोन कथा एकत्र करून कोरहाची छडी करणे फार जुने आहे. सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवर बोत्तिचेल्लीने १४८१-८२मध्ये हा प्रसंग रंगवला, आणि मागच्या कमानीवर लॅटिन अक्षरे घातली: अहरोनाप्रमाणे देवाने बोलावल्याशिवाय कोणी हा मान आपणहून घेऊ नये. पोपच्या सत्तेला आव्हान देणाऱ्यांसाठी तो इशारा होता. आजही चर्चच्या मंडळीच्या हिशेबाविषयी कोणी सभासदाने प्रश्न विचारला की 'कोरह' म्हणून त्याला बसवले जाते. हिशेब विचारणारा कोरहाच्या जागी नसतो. हिशेबाचा प्रश्न मोशेने स्वतः काढला, आणि 'एक गाढवही घेतले नाही' असे परमेश्वरासमोर सांगितले. मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहातील 'पिर्के आवोत'मध्ये हिल्लेल आणि शम्मय या दोन गुरूंचा वाद देवासाठीचा, तर 'कोरह आणि त्याची टोळी' यांचा वाद तसा नव्हे, असे म्हटले आहे. वाद घालणेच पाप, असे तिथेही नाही.

आपल्या लेखाच्या ऑनलाइन आवृत्तीत निदान दोन दुरुस्त्या कराव्यात ही विनंती. 'त्याचा निर्वंश झाला' हे वाक्य काढून गणना २६:११ चा संदर्भ द्यावा. आणि धरणी दुभंगल्याच्या वाक्यात दाथान व अबीराम यांची नावे घालावीत. लेखात ती दोघे कुठेच नाहीत.

आपला,
एक वाचक, पुणे